विमानातला भूगोलाचा तास

१९२७ सालचा एक फोटो आहे. लॉस एंजेलिसवरून उडणाऱ्या विमानात भूगोलाचा तास चाललाय. मुलं ओळीने बाकांवर बसलीत, पुढे बाई उभ्या आहेत, त्यांच्याजवळ पृथ्वीगोल आहे. खाली खराखुरा भूगोल पसरलेला, आणि वर्ग मात्र जमिनीवर भरतो तस्साच भरलेला. लॅरी क्यूबन यांचं ‘टीचर्स अँड मशीन्स’ हे १९८६ सालचं छोटेखानी पुस्तक या फोटोपासून सुरू होतं. फोटो पाहून आधी हसू येतं. मग आपण काय बनवतो ते आठवतं आणि हसू थांबतं. निदान माझं थांबलं.

मी शाळांमधल्या इंटरॅक्टिव्ह पॅनेलसाठी सॉफ्टवेअर लिहिते. पॅनेल म्हणजे भिंतीवरचा तो मोठा टच स्क्रीन, ज्याला सगळे अजून ‘स्मार्ट बोर्ड’च म्हणतात. इंजिनिअरिंग झाल्यावर दोन वर्षं बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली, मग ‘काहीतरी अर्थपूर्ण’ करायचं म्हणून इकडे आले. (हे वाक्य आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या लिंक्डइनवर आहे.) इथे माझ्या नावावर जमा असलेलं सगळ्यात यशस्वी फीचर म्हणजे एक चक्र. वर्गातल्या मुलांची नावं भरायची, बोटाने चक्र फिरवायचं, टिकटिक आवाज येतो, वेग कमी कमी होत जातो आणि एका नावावर काटा थांबतो. ज्याचं नाव येईल त्याने उत्तर द्यायचं. हे फीचर आल्यावर आमच्या डॅशबोर्डवरचा ‘वापर’ सरळ वर गेला. टीमने केक कापला. मीही खाल्ला.

नंतर कंपनीने मला एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. काम एवढंच की काही अडलं तर मदत करायची. हॉलमध्ये साठेक शिक्षक, एक पॅनेल. साधनव्यक्ती उत्साही होते. त्यांनी दोन तासांत पेनाचे रंग दाखवले, पेनाची जाडी दाखवली, स्क्रीन दुभागणं, भिंग, पडदा, स्पॉटलाइट, टायमर, स्टॉपवॉच आणि अर्थात चक्र. चक्राला टाळ्या मिळाल्या. साठपैकी चार-पाच जणांनी पॅनेलला हात लावला, बाकीच्यांनी मोबाइलवर फोटो काढले. जेवणानंतर ऑनलाइन फीडबॅक फॉर्म, ग्रुप फोटो, सह्या. पूर्ण दिवसात एकाही धड्याचं नाव निघालं नाही. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज शिकवताना या पडद्याचं काय करायचं, असं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. निघताना एक बाई म्हणाल्या, “मॅडम, छान आहे सगळं. पण हे कुठल्या पाठाला वापरायचं?” मी म्हटलं, “कुठल्याही!” त्या हसल्या. ते हसू मला बरेच दिवस पुरलं.

क्यूबन यांचं पुस्तक मी त्या हसण्यामुळे वाचलं.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. विसाव्या शतकात अमेरिकन शाळेत एकामागून एक यंत्रं आली: आधी सिनेमा, मग रेडिओ, मग टीव्ही, मग संगणक. प्रत्येक वेळी तेच नाटक झालं. पहिला अंक उत्साहाचा. एडिसनने तर सिनेमा पाठ्यपुस्तकांची जागा घेणार असं भाकीत केलं होतं. दुसऱ्या अंकात संशोधक येऊन ‘यातून चांगलं शिकता येतं’ असे पुरावे देतात. तिसऱ्यात लक्षात येतं की वर्गात तो डबा फारसा कुणी उघडतच नाही. आणि चौथ्या अंकात दोष शिक्षकांच्या माथी: ते जुनाट आहेत, घाबरट आहेत, त्यांना बदल नको आहे. १९६४ साली अमेरिकन सामोआ बेटांवर तर शिक्षणाचा कणाच टीव्ही केला गेला होता. मुख्य पाठ पडद्यावर, शिक्षक मदतीला. दहा-बारा वर्षांत ते उलटलं. शिक्षक पुन्हा मध्यभागी आले आणि टीव्ही पूरक साधन होऊन बसला.

पण पुस्तकाची ताकद या इतिहासात नाही. हा इतिहास कुणीही जमवू शकतं. ताकद आहे ती चौथ्या अंकाला दिलेल्या उत्तरात. क्यूबन स्वतः चौदा वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवत होते, पुढे एका जिल्ह्याच्या शाळांचे अधीक्षक झाले आणि मग स्टॅनफर्डला प्राध्यापक. त्यामुळे ते प्रश्न शिक्षकाच्या टेबलाच्या बाजूने विचारतात. एका खोलीत तीस-चाळीस मुलं, ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, शिस्त सांभाळायची, वरून सूचना येत राहणार. या चौकटीत शिक्षक साधन निवडतो, आणि ती निवड शहाणपणाची असते. खडू-फळा आणि पुस्तक टिकलं, कारण ते लवचिक आहेत, हाताशी आहेत, बिघडत नाहीत आणि शिक्षकाचा प्रश्न सोडवतात. एका मुलाच्या भलत्या प्रश्नामुळे तास वळला तर फळा वळतो. फिल्म वळत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हे एकदा तरी वाचावं. आमच्याकडे वापरणाऱ्याने फीचर वापरलं नाही, तर आम्ही त्याला ‘अडॉप्शन प्रॉब्लेम’ म्हणतो. म्हणजे प्रॉब्लेम अडॉप्ट न करणाऱ्याचा. आम्ही मग नोटिफिकेशन पाठवतो, बॅज देतो, ‘तुम्ही या आठवड्यात बोर्ड फक्त दोनदा वापरलात’ असं सांगतो. क्यूबन यांच्या चौथ्या अंकाचं हे ॲप आहे.

तरीही पुस्तकाशी माझं भांडण आहे, आणि ते महाराष्ट्रातूनच सुचतं. क्यूबन यांचा शिक्षक दारावर उभा आहे. यंत्र बाहेरून येतं, तो आत घेतो किंवा घेत नाही. इथे गोष्ट थोडी वेगळी झाली. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांमध्ये शिक्षकांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आणले, स्वतः ब्लॉग चालवले, ॲप बनवली, व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांना चाचण्या पाठवल्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते कोड पुढे राज्याच्या पुस्तकांत आले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. यंत्र कुणी वरून टाकलं नव्हतं. शिक्षकानेच ते ओढून आत घेतलं होतं. क्यूबन यांच्या मांडणीत या शिक्षकाला जागा कमी आहे. शिक्षकाला आळशीपणाच्या आरोपातून सोडवण्याच्या नादात ते त्याला जरा जास्तच स्थिर करून टाकतात.

पण आपण या शिक्षकांचं काय केलं? त्यांना एक नाव दिलं: ‘तंत्रस्नेही शिक्षक’. तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, याद्या झाल्या, सत्कार झाले. शब्द वरवर गोड आहे, पण जरा थांबून वाचला तर त्यात स्नेह कुणी कुणाशी करायचा हे आधीच ठरलेलं आहे. शिक्षकाने तंत्राशी. तंत्राने शिक्षकाशी नाही. आणि या शब्दाने शिक्षकांचे दोन गट पाडले. एका गटाला मोबाइल जमतो, दुसऱ्याला जमत नाही. भागाकार उत्तम शिकवणाऱ्या पण व्हिडिओ एडिट न करणाऱ्या बाई अचानक मागच्या बाकावर गेल्या. प्रशिक्षणात त्यांना पेनाची जाडी शिकवायची आणि तंत्रस्नेहींना पुढे बसवायचं, अशी वाटणी झाली. खरं तर एकमेकांना द्यायला दोघांकडेही काहीतरी होतं.

आता विमानातून खाली उतरून एका खऱ्या वर्गात जाऊ. प्रशिक्षणानंतर दोन महिन्यांनी मी त्याच तालुक्यातल्या एका दुशिक्षकी शाळेत गेले. पॅनेलचा टच चुकतो अशी तक्रार होती. पॅनेलवर धूळ बसू नये म्हणून जुनी साडी घातलेली. वीज होती, हे त्या दिवसाचं नशीब. टच दुरुस्त झाल्यावर मी मागे सतरंजीवर बसले आणि पाचवीचा गणिताचा तास पाहिला.

बाई ‘हे कुठल्या पाठाला वापरायचं’ असं विचारणाऱ्याच होत्या. त्यांनी आधी माझं चक्र काढलं. पाहुणी आली आहे म्हणून काढलं असेल. मुलं ओरडली, चक्र फिरलं, एका मुलाचं नाव आलं. तो उठला, पुढे आला आणि पॅनेलवर हळूहळू उत्तर लिहू लागला. मी मागून बाकीच्यांना पाहत होते. नाव जाहीर होईपर्यंत सगळे ताठ बसले होते. नाव आल्याक्षणी उरलेले सगळे सैलावले. एकाने शेजाऱ्याच्या वहीवर रेघ मारली. एकीने खिडकीबाहेर पाहिलं. त्या दोन-तीन मिनिटांत वर्गात एकच मुलगा गणित करत होता आणि तोही घाबरून. मी महिनाभर ज्याच्या वेगावर काम केलं ते यंत्र होतं सव्वीस मुलांना विचार थांबवण्याची परवानगी देणारं.

हे फक्त माझ्या चक्राचं नाही. लंडनच्या माध्यमिक शाळांमध्ये २००३-०४च्या सुमारास सरकारी पैशाने मोठ्या संख्येने इंटरॅक्टिव्ह व्हाइटबोर्ड बसवले गेले. इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या जेमा मॉस आणि सहकाऱ्यांनी त्याचं मूल्यमापन केलं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं. पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यापेक्षा मला लागलेली गोष्ट दुसरी: अभ्यासात मागे असलेल्या गटांमध्ये मुलं एकेक करून बोर्डापाशी येत राहिल्याने तासाचा वेग उलट मंदावत होता. ‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ सगळ्यांनी ‘बोर्डाला हात लावणं’ असा घेतला होता. विक्रेत्यांनी, प्रशिक्षकांनी, आणि बिचाऱ्या शिक्षकांनीही. बोट पडद्याला लागलं म्हणजे डोकं गणिताला लागलंच असं नाही, हे मोजायला आमच्या डॅशबोर्डमध्ये रकाना नाही.

पण बाईंचा तास तिथे संपला नाही. त्यांनी चक्र बंद केलं, पडदा कोरा केला आणि त्यावर दोन संख्या लिहिल्या: ०.३५ आणि ०.५. “मोठी कोणती? पाटीवर लिहा. कुणी कुणाचं बघायचं नाही.” अर्धं मिनिट. “पाट्या वर!”

सत्तावीस पाट्या वर गेल्या. मी मागे होते म्हणून मला दिसल्या नाहीत. बाईंना सगळ्या एका नजरेत दिसल्या. “निम्म्याहून जास्त जण म्हणतात पस्तीसवाली मोठी,” त्या म्हणाल्या. बरोबर काय ते सांगितलं नाही. “आता शेजारच्याचं वेगळं असेल तर त्याला पटवा.” वर्गात जो कालवा झाला तो चक्राच्या वेळच्या ओरड्यापेक्षा वेगळा होता. माझ्या पुढ्यातली मुलगी सांगत होती, “अगं, पस्तीस म्हणजे पाचापेक्षा मोठेच ना!” दुसरी म्हणत होती, “पण ते पस्तीस रुपये नाहीत, पैसे आहेत. आणि हे पाच पैसे नाहीत, पन्नास आहेत.” पैशाचं नाणं तिने पाहिलेलं असण्याची शक्यता शून्य, पण युक्तिवाद पक्का. आपण बोलताना ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हणतो आणि पस्तीस हा आकडा मुलांच्या कानात पूर्ण संख्या होऊन बसतो. घोटाळा तिथून सुरू होतो. पुन्हा “पाट्या वर!” या वेळी बऱ्याच पाट्या बदललेल्या.

आणि मग, फक्त मग, बाई पॅनेलकडे वळल्या. त्यांनी संख्यारेषा काढली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ‘साधने’मधल्या ‘गणित’मधल्या ‘इतर’ नावाच्या कप्प्यात आहे. शून्य ते एक. दोन बोटांनी ताणली की एकाचे दहा भाग होतात. पुन्हा ताणली की त्यातल्या प्रत्येकाचे दहा. बाईंनी ०.३ आणि ०.४च्या मधली जागा ताणत नेली, तिथे ०.३५ उगवलं, मग पुन्हा आवळून सगळी रेषा दाखवली, आणि ०.५ तिच्या उजवीकडे दिसलं. वर्गातून ‘हां’ असा एक लांब आवाज आला. फळ्यावर हे करता येत नाही. फळ्यावर रेषेचे शंभर भाग करायला खडू जाड पडतो. त्या तासात पॅनेल चाळीस सेकंद वापरलं गेलं असेल. आमच्या नोंदीत ते जवळपास ‘न वापरलेलं’ म्हणूनच गेलं.

बाईंना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी जे केलं त्याला भौतिकशास्त्राच्या शिक्षणात नाव आहे. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१पासून अशा रीतीने शिकवू लागले: संकल्पनेवर प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा उत्तर. त्यांच्या हुशार विद्यार्थ्यांना अवघड गणितं सुटत, पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नांना ते अडखळत, यातून हे सुरू झालं. दहा वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी आणि कॅथरीन क्राउच यांनी लिहिलं की पहिल्या वेळी साधारण ३५ ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा चर्चेचा फायदा सर्वाधिक होतो. त्याहून कमी असतील तर आधी पुन्हा समजवावं लागतं, जास्त असतील तर पुढे जावं. नंतर या पद्धतीसाठी हातात धरायचे ‘क्लिकर’ आले, कंपन्या आल्या. २००८ साली नॅथनिएल लासरी यांनी कॅनडातल्या एका कॉलेजात तुलना केली: एका वर्गाला क्लिकर, दुसऱ्याला नुसती पुठ्ठ्याची कार्डं. शिकण्यात फरक पडला नाही. क्लिकरमुळे शिक्षकाला मोजणी आणि नोंद सोपी झाली, ही वेगळी सोय. किंमत प्रश्नाला होती, उपकरणाला नाही. आणि कार्डाच्याही आधीपासून आपल्याकडे पाटी आहे.

इथे कुणी म्हणेल, मग पॅनेल हवंच कशाला? हा युक्तिवाद मला आवडत नाही. तो सोपा आहे, आणि बहुधा ज्यांची मुलं सगळी साधनं असलेल्या शाळेत जातात तेच तो करतात. त्या संख्यारेषेची चाळीस सेकंदं मी पाहिली आहेत. तशी प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक विषयात काही ठिकाणं आहेत: खडू जाड पडतो, शब्द अपुरे पडतात, हालणारी गोष्ट थांबवून दाखवावी लागते. चंद्राच्या कला. पानावरची रंध्रं. कोन मोठा होतो म्हणजे त्याच्या भुजा लांब होतात, हा गैरसमज मोडणं. शिक्षकांना मदत करायची तर ही ठिकाणं त्यांच्यासोबत बसून शोधावी लागतील. मेनू पाठ करून घेऊन ती सापडत नाहीत. एक अवघड जागा, तिथे मुलं हमखास काय चुकतात, त्या चुकीला बाहेर काढणारा एक प्रश्न, आणि मग पडद्यावरचं एक साधन: प्रशिक्षणाचा पूर्ण दिवस एवढ्यावर घालवला तरी तो वाया जाणार नाही. त्यातला पहिला अर्धा भाग पेनाची जाडी न जमणाऱ्या अनुभवी बाईच शिकवू शकतात, कारण मुलं कुठे चुकतात हे त्यांनाच माहीत असतं.

आणि हे हॉलमध्ये होणार नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले तेव्हा राज्यभरातून शिक्षक तिथे गेले. तिथे पडदे नव्हते. जमिनीवर रंगवलेली अक्षरं-आकडे होते, खडे, काड्या. शिक्षक तिथे मुलं बसलेला खरा वर्ग पाहायला जात होते, स्लाइड नाही. त्यातल्या काहींनी परत येऊन नुसती जमीन रंगवली हेही खरं. पाहून आल्यावर कुणी सोबतीला नसेल तर हातात रंगच उरतो. पण दिशा ती होती. केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचण्यातून अर्धा तास वाचला, तर शेजारच्या शाळेतल्या बाईंनी दशांश कसे शिकवले ते त्यांच्याच वर्गात बसून पाहता येईल, पुढच्या महिन्यात आपण करून पाहता येईल आणि फसलं तर कुठे फसलं ते बोलता येईल. क्यूबन यांच्या पुस्तकात मला हीच खोली सापडली नाही: शिक्षक एकटा वर्गात आहे आणि यंत्र दारात आहे, पण शेजारच्या वर्गातला दुसरा शिक्षक त्यांच्या कथेत फारसा येत नाही. आपल्या तंत्रस्नेही ग्रुपमध्ये तो होता. त्याला आम्ही लिंका पाठवायला बसवलं.

शाळेतून निघताना बाईंनी पॅनेलवर पुन्हा साडी घातली. मी विचारलं, संख्यारेषा कुणी दाखवली? “कुणी नाही मॅडम. एकदा चुकून हात लागला.”

सोमवारी ऑफिसात मी दोन तिकिटं उघडली. एक, संख्यारेषा ‘इतर’मधून काढून पहिल्या पानावर आणणं. दुसरं, चक्र फिरवण्याआधी ‘सगळ्यांनी उत्तर लिहिलं का?’ अशी एक पाटी दाखवणं, आणि बाईंनी हो म्हणेपर्यंत काटा न हलवणं. पहिलं तिकीट मंजूर झालं, पुढच्या आवृत्तीत जाईल. दुसऱ्यावर प्रॉडक्ट मॅनेजरने लिहिलं की यामुळे चक्राचा वापर कमी होईल, तेव्हा आधी डेटा हवा. पाट्यांचा डेटा कुठून आणायचा, हे मी त्याखाली विचारून ठेवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.